एक पोरगी, दोन हजेऱ्या

२३ जून
झाला घोळ. आज शाळा उघडल्या आणि आमच्या रागिणीचं नाव दोन शाळांत आहे.

बायकोनं, माधवीनं, तिला एप्रिलमध्येच अकोटच्या कॉन्व्हेंटमध्ये पहिलीत घातलं. मग मे महिन्यात मायाताई दुकानात आली. माझी मोठी बहीण, आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेवर बाई आहे. पट एकोणीस. वीस झाला नाही तर शाळा बंद होणार म्हणे, अन् पोरं तीन किलोमीटर पायी दुसऱ्या गावात. "दीपू, रागिणीचं नाव दे रे बापा. माधवीले इचारलं का?" मी म्हटलं, विचारलं. साफ खोटं. लगेच आधारची झेरॉक्स काढून दिली. झेरॉक्सचं दुकान असलं की माणूस विचार न करता कागद देतो.

वाटलं, नुसतं नाव तर आहे.

२६ जून
नुसतं नाव चालत नाही! ताई म्हणते, केंद्रप्रमुख कधीही येतात, डोकी मोजतात. इकडे कॉन्व्हेंटच्या डायरीत छापलंय — हजेरी नव्वद टक्के. सलग तीन दिवस गैरहजर, तर पालकांनी स्वतः यावं.

तोड काढली. एक दिवस तिकडे, एक दिवस इकडे. माधवी सरकारी दवाखान्यात नर्स, सातच्या एसटीनं जाते. व्हॅन येते नऊला.

३ जुलै
व्हॅनवाला सागर गालात हसतो. "आज बी पोट दुखून राहिलं का पोरीचं?"

अर्ज मीच लिहितो. आतापर्यंत पोटदुखी तीनदा, मूर्तिजापूरला मावशीचं लग्न एकदा. माधवीला बहीणच नाही.

८ जुलै
गडबडीत रागिणीला कॉन्व्हेंटचा टाय लावून ताईच्या शाळेत पाठवली. सगळ्या पोरांनी एकेकदा टाय घालून पाहिला. परत आला तो खिचडीनं पिवळा.

माधवी म्हणे, "डब्यात तं मी पोळी-भाजी देली होती."

मी म्हटलं, मैत्रिणीचा डबा सांडला असेल.

११ जुलै
कॉन्व्हेंटच्या ऑफिसातून माधवीलाच फोन. "मुलीचं पोट सारखं दुखतं, नीट तपासून घ्या." एवढंच सांगून ठेवला. नर्सबाईंना सांगतात! ती पार घाबरली. खरं सांगावं असं दहादा ओठावर आलं. भेकड आहे मी.

१२ जुलै
दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोट दाबलं, तर रागिणी खिदळायला लागली. माधवी रडकुंडीला आलेली. तेवढ्यात पोरगी बेसिनवरची पाटी वाचायला लागली — हा-त, धु-वा. हात धुवा.

"तुले कोनं शिकवलं?"

"आत्यानं."

"आत्या कवा भेटते तुले?"

"शाळेत. एक दिवस मी आत्याच्या शाळेत बसतो न!"

माधवीनं माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. एसटीत ती खिडकीशी बसली, मी मागं उभा राहिलो. जागा होती तरी.

१३ जुलै
शेवटी बोलली. "पोटात गाठ-बीठ असंन म्हणून माहा जीव टांगनीले लागला होता, अन् तुमी खाली मान घालून बसले होते." चुकलो. तेव्हापासून अबोला.

संध्याकाळी ताई आली. अंगणातूनच म्हणाली, "माधवी, ह्या दीप्यानं मले सांगतलं का तुले इचारलं म्हणून. मी रागिणीचं नाव काढतो. तुमच्या घरात भांडन लावून मले शाळा नाही वाचवा लागत." चहा न घेताच गेली. ताई आमच्याकडून बिनचहाची कधी जात नाही.

१५ जुलै
ताईनं दाखला दिला. पट पुन्हा एकोणीस. केंद्रप्रमुख शुक्रवारी येणार आहेत. ताईच्या शाळेवरून गाडी नेली, आत पोरं पाढे म्हणत होती. मला तिथं थांबवेना.

माधवीनं दाखला पर्समध्ये ठेवला. उद्या सुट्टी टाकून कॉन्व्हेंटला नेऊन देणार.

१६ जुलै
माधवी अकोटहून सरळ ताईकडे गेली. दाखला तिला परत दिला. कॉन्व्हेंटमधून नावच काढून आली! ताईनं विचारलं, काहून? माधवी म्हणाली, "वर्गाच्या बाईले इचारलं, रागिणी कशी हाय अभ्यासात? तं बाई मलेच इचारते, कोनती रागिणी?"

पट वीस. हे सगळं मी ताईच्या दारामागून ऐकलं. माझ्याशी अजून बोलत नाही.