चित्रातील डाव

ता. ९ मार्च १९७८
पौडच्या स्टँडवरून साप्ताहिक आणले. मागविले होते चि. कुसुमने (नात), परंतु परतीच्या गाडीत प्रथम मीच वाचले. पैलवान व जमीनदाराची मुलगी यांची चित्रमालिका, भाग एकविसावा. एकवीस आठवड्यांत दोघांनी एकमेकांशी एक शब्द उच्चारलेला नाही. ती माडीवरून पाहते, हा मान वर करून तिच्याकडे पाहतो, तेवढ्यात समोरचा याला आपटतो. दर भागात हेच. आखाड्यात मान वर करणाऱ्यास माझ्या तालमीत छडीने फोडला असता.
आज दात पडला, रक्त आले. रक्त उत्तम काढले आहे. पकड मात्र निव्वळ अडाणीपणा. खालून हात धरला तो मनगटाशी! असा धरला तर धरणाराच चीत होतो. मी चौथीपर्यंतच शिकलो, तरी चुकीचे ते मला चुकीचे दिसते.
कुसुम म्हणाली, "आबा, कुस्ती नगा बघू. तिचं डोळं बघा."
पाहिले. डोळे बरे आहेत. कुसुमची आजी माझी एकही कुस्ती पाहावयास आली नाही. बायकांनी येण्याची रीत नव्हती. आली असती तर — असो.
पुढील गुरुवारची वाट पाहावी लागते, हे लज्जास्पद आहे.

ता. १० मार्च
तालमीत माझा पठ्ठा सोपान तोच अंक उघडून चौघांस दाखवीत बसलेला सापडला. पाठीवर दोन छड्या ओढल्या. वळ उठले. हसतो आहे!
"वस्ताद, मारा, पर ह्यो डाव बसतो का न्हाई त्येवढं सांगा."
"बसत नाही."
"मंग चित्रात कसा बसला?"
हे बोचले. त्यास मातीत घेतला. मनगट नव्हे, कोपर काखेत कोंडावयाचे, गुडघा खांद्यामागे, मग सर्व अंग टाकावयाचे. सोपान किंचाळला तेव्हा सोडला. म्हणजे असा धरला तर डाव बसतो. चित्रकारापेक्षा मला अधिक कळते, हे पाच जणांसमक्ष सिद्ध झाले. जेवण चवीने गेले.

ता. ३० मार्च
जत्रेच्या जोड्या ठरल्या. शेवटची कुस्ती सोपान व भिकू यांची. भिकू धरणापलीकडच्या गावचा. कुसुमचे लग्न त्याच्याशी ठरले आहे, माघात सुपारी फुटली. जत्रा कमिटीचे अत्तारभाई मुद्दाम घरी आले.
"वस्ताद, जोड बदलू का? घरचा जावई हाय."
म्हटले, "जावई घरात. आखाड्यात तो दुसऱ्या तालमीचा पैलवान."
आत कुसुमने ताट आदळले.

ता. २० एप्रिल
चित्रातील पैलवानाने प्रतिस्पर्ध्याचा हात मोडला. मुलगी रडते आहे. त्याने तिच्यासाठी मुद्दाम मोडला, की डावात मोडला? ते पुढील अंकी. सात दिवस माणसास टांगून ठेवणाऱ्या असल्या चित्रकाराचीच बोटे ठेचली पाहिजेत. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हाच विषय.

ता. २४ एप्रिल
आज जत्रा.
देवळाच्या पायरीवर या वर्षी बायका उभ्या होत्या. कुसुमही. भिकूने पहिल्याच झटापटीत डोके मारून सोपानची भुवई फोडली. रक्त डोळ्यात, मातीचा चिखल. पाव तास दोघे बैलांसारखे भिडले. मग भिकूने त्यास खाली घेतला, आणि सोपानने खालून कोपर धरले. गुडघा खांद्यामागे गेला. मी पाहिले. थांबविण्यास तोंड उघडले. बाहेर आला तो शब्द "दाब!"
उसाचे कांडे मोडावे तसा आवाज. भिकूचा हात उलट्या दिशेस लोंबला.
पलीकडचे लोक काठ्या घेऊन उतरले. सोपानला पाडून लाथांनी तुडविला, दोन दात गेले. मध्ये पडलेल्या अत्तारभाईंचे डोके दगडाने फुटले. आखाड्यातील माती इतकी लाल मी पूर्वी पाहिली नव्हती.

ता. २५ एप्रिल
पंच बसले. पंचांत मीही. सर्वांचे एकच म्हणणे: "पोरीपायी मोडला. चित्रातल्यागत केलं." सोपानला कोणत्याही जत्रेत उतरण्यास बंदी. डाव कोणी शिकविला, असे विचारले. तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "माजा मीच."
मी गप्प बसलो.

ता. २६ एप्रिल
कुसुमने चूल पेटविली नाही.
"आबा, सोपानदादानं मुद्दाम मोडला का?"
"नाही."
"तुमाला काय ठावं?"
मी चुलीत काटक्या रचू लागलो.
"मंग मी सासरी कुठल्या तोंडानं जाऊ? तिथं समदी म्हन्त्यात, हिनंच हात मोडवला."

ता. २७ एप्रिल
पौडला उतरलो. आज गुरुवार. अंक घेतला नाही. पुण्याची गाडी धरली. इस्पितळात भिकूचा हात खांद्यापासून प्लास्टरमध्ये. बोटे काळीनिळी, हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे काही सांगता येणार नाही.
उभ्यानेच सांगितले. डाव माझा. "दाब" हेही माझेच. त्याच्या आईने पितळी तांब्या फेकला, तो कानशिलावर लागला. मी हललो नाही.
भिकू म्हणाला, "आये, बास." मग छताकडे बघत, "वस्ताद, त्येची तोड काय?"
डाव द्यावा तर त्यातून सुटण्याची तोडही सोबत द्यावी, एरवी तो डाव नव्हे, खून. चाळीस वर्षे पोरांस हेच बजावीत आलो. या डावाची तोड मी शोधलीच नव्हती. चित्रकारास खोटे पाडण्याची घाई.
"ठाऊक नाही," म्हटले.
"मंग ती घिऊन या. तवर लगनाचं बोलू नगा."

ता. २८ एप्रिल
पंचांसमोर सोपानला उभा करून सर्व सांगितले. कोणी माझ्याकडे पाहिले नाही. अत्तारभाई डोक्याची पट्टी चाचपत म्हणाले, "तीन दिस आधी बोलायचं हुतं, वस्ताद." बंदी उठवावयाची की मलाही घालावयाची, ते पुढील बैठकीत.
कुसुमने भाकरी वाढली.
दुपारी सोपानला रिकाम्या तालमीत नेले. विचारले, "खरे सांग. कुसुमसाठी?"
"तुमी दाब म्हनला, म्यां दाबलं."
मातीत उपडा झालो. म्हटले, तोच डाव धर.
"न्हाई वस्ताद. बहात्तर वर्साचं हाड हाय."
उठून थोबाडीत मारली, फुटका ओठ पुन्हा फुटला. तेव्हा धरले.
दोन रीतींनी सुटून पाहिले. दोन्ही खोट्या. खांदा सुजला आहे, लेखणी जड जाते.
तिसरी उद्या सकाळी.