रिकाम्या जागेवर न उघडणाऱ्या छत्राबाबत

प्रति,
मा. दालन अधीक्षक,
कला संग्रहालय, दुसरा मजला.

विषय: डिजिटल छत्र दिवसभर उघडे ठेवण्याचा आदेश मागे घेणे व अर्जदारास दालनात प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ: ‘छत्र बंद अवस्थेत आढळले’ असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, देवळातल्या जुन्या छत्रांवरून आपल्या दालनासाठी केलेले हलते छत्र मी एकट्याने संगणकावर तयार केले असून ते नादुरुस्त नाही. जमिनीवरच्या पांढऱ्या वर्तुळात माणूस उभा राहिला की त्याच्या डोक्यावर टांगलेल्या घुमटाकार पडद्यावर आतून-बाहेरून छत्र उघडते, तो बाजूला झाला की मिटते. आपल्या तपासनीसांनी दाराशी खुर्ची टाकून चहा संपेपर्यंत वाट पाहिली. वर्तुळात त्यांनी पाऊल टाकले नाही. छत्र उघडणार कसे?

२. माझे वडील देवळात छत्र धरत. मूर्ती बाहेर आल्याशिवाय त्यांनी छत्र कधी उघडले नाही, मग लोकांनी कितीही घाई करो. रिकाम्या जागेवर छत्र धरायचे नाही, हा त्यांचा दंडक मी प्रोग्रॅममध्ये घातला आहे. दिवसभर उघडे ठेवणे एका क्लिकचे काम आहे, हे मान्य. पण माझा हात धजत नाही.

३. उघडताना छत्र मध्येच किंचित अडखळते, यास आपण ‘तांत्रिक दोष’ म्हटले आहे. तो दोष नसून वडिलांचा दुखरा खांदा आहे. ते जाण्याआधी मी त्यांच्या मनगटाला सेन्सर बांधले, हातात फरशी पुसायचा दांडा दिला आणि स्वयंपाकघरात ती हालचाल टिपून घेतली. खाली कुणीतरी हवे म्हणून त्यांनी दुधाच्या पातेल्यावर छत्र धरले. त्या दिवशी हसून हसून आमची पुरेवाट झाली.

४. सदर दालनात कोणी येत नाही. जिना चढून आलेले लोक थेट समोरच्या दालनातल्या डायनासोरच्या शिल्पाकडे वळतात. म्हणून छत्र उघडावे यासाठी मी रोज येऊन वर्तुळात उभा राहत असे. घरी वाट पाहणारे कोणी नसल्याने वेळेची अडचण नव्हती. तेथे उभे असताना वडील मागे आहेत असे वाटते. कार्यालयीन अर्जात हे लिहू नये, तरी लिहितो. रखवालदार म्हणाले, "तुम्हीच बनवलंत, तुम्हीच बघता, मग आम्ही दिवे कशाला लावायचे?" त्यांचे काही चुकले नाही. पुढे काम संपले म्हणून माझा पास जमा करून घेण्यात आला. तिकीट काढायला गेलो, तर ठेकेदाराला तिकीट देता येत नाही, असे खिडकीवर सांगण्यात आले. म्हणजे काम संपल्यामुळे मला पास नाही आणि काम माझे असल्यामुळे तिकीट नाही.

५. आणखी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. छत्र उघडायला मलाच खाली उभे राहावे लागते, आणि मान वर केली की दिसतात फक्त काड्या. झालर, कळस यांसह पूर्ण उघडलेले छत्र दालनाच्या दारातून मी अद्याप पाहिलेले नाही.

सबब विनंती की, आदेशावर अंमल करण्यापूर्वी आपण स्वतः एकदा यावे व मिनिटभर वर्तुळात उभे राहावे. मी दाराशी थांबेन. त्यानंतर आपण जे ठरवाल ते मला मान्य राहील.

आपला नम्र, आणि एकदा वर्तुळाबाहेर उभे राहू इच्छिणारा,

(सही)
छत्राचा अ‍ॅनिमेटर
दिनांक: आजचाच

सोबत: १) पास जमा केल्याची पावती.
२) वर्तुळ नेमके कुठे आहे, त्याचा नकाशा (आपल्यासाठी).