पिवळे आकडे

बाबा, तुमचा आवाज आठवायला मला आता डोळे मिटून बसावं लागतं, पण तुमच्या हातोड्याचा आवाज न बोलावता येतो. आधी कुऱ्हाडीनं सालीचा तुकडा उडवायचा, मग उघड्या पडलेल्या लाकडावर जंगल खात्याचा तो सरकारी हातोडा हाणायचा. शिक्का उमटला की महिनाभरात झाड आडवं. घरी आलात की हातोडा चुलीजवळच्या खुंटीला अडकवायचात, आणि आई रोज तो काढून ओसरीवर ठेवायची. "भाकरी करताना ते माझ्या डोक्यावर नको," म्हणायची.

माझ्या लग्नाच्या वर्षी मी पायवाटेवरच्या मोठ्या धावड्याच्या झाडावरचा शिक्का शेणामातीनं लिंपला होता. तुम्ही लगेच ओळखलंत. बोटानं माती खरवडलीत आणि माझ्यासमोर दुसऱ्यांदा हातोडा मारलात. "अडाण्या, मी फक्त शिक्का मारतो. कुऱ्हाड माझ्या हातात नसते." एवढंच बोललात. मी पुढं शहरात कारखान्याला लागलो, त्यामागं तो दिवसही असेल.

आता मी शहरातल्या खोलीत एकटाच आहे. तुमची सून जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, मी "बरा आहे" म्हणतो आणि फोन ठेवला की दिवसभर कुणाशी बोलणं होत नाही. म्हणून पंधरा दिवसांनी एसटीनं देवगाव रंगारीला उतरतो, तिथून गावाला जातो आणि आपल्या डोंगरावर चढतो. तोडलेलं जंगल खोडांतून फुटून परत उभं राहिलंय. तुम्ही पाहिलं असतंत तर काय म्हणाला असतात, कळत नाही.

दिवाळीनंतर गेलो तर धावड्यांवर, सालईंवर, छातीच्या उंचीला पिवळ्या रंगाचे आकडे. झाडावर खूण म्हणजे काय, हे मला तुम्हीच शिकवलं होतं. कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण माणसांना काही विचारायची सवयच राहिली नाही बाबा. गावातून विळा आणला आणि सलग दोन दुपारी एकेक आकडा खरवडून काढला. खाली उतरताना, खोटं कशाला सांगू, मला लई बरं वाटत होतं.

पुढच्या खेपेला गेलो तर देवळासमोर बैठक भरलेली. मोजणीला आलेली एक मुलगी फीत गळ्यात अडकवून रडकुंडीला आली होती. मी हळूच विचारलं, "बाई, ही झाडं कधी तोडणार?"

"तोडणार? आजोबा, हे नंबर राखायला आहेत!" मग तिनं शांतपणे समजावलं. झाड वाढताना हवेतला कार्बन पोटात धरून ठेवतं. जंगल तोडलं, जाळलं की तोच पुन्हा हवेत जातो आणि जग आणखी तापतं. म्हणून आपल्यासारख्या देशांत उभं जंगल वाचवायचं काम निघालंय. नुसतं वाचवलं म्हणून चालत नाही, दाखवावं लागतं. दरवर्षी त्याच झाडाचा घेर मोजायचा. "आता कुठलं झाड कुठलं, तेच कळेना. गावानं दोन वर्षं राखण केली, तिची पहिलीच मोजणी पुसली गेली."

मी तोंड उघडणार, तोच गावच्या वनसमितीचा अध्यक्ष शेळ्या चारणाऱ्या म्हातारीकडं वळला. डोंगरात रोज जाणारी ती एकटीच. "मावशे, तुझ्याच शेळ्यांनी खाजवलं सगळं."

"माझ्या शेळ्या काय आकडे वाचून खाजवत्यात व्हय? एकबी सुटला नाय म्हणं. लईच शिकल्या की मग! घाला त्यांना तुझ्या समितीत."

लोक हसले. तरी तिच्या शेळ्यांना डोंगर बंद झाला. तिच्याजवळ जमिनीचा तुकडा नाही. आता ती सडकेच्या कडेनं पाच शेळ्या हाकत फिरते. परवाच्या खेपेला मला म्हणाली, "दादा, तुमी तरी सांगा त्यांला, तुमी गार्डाचं पोर." मी मान हलवली. पिशवीत तोच विळा होता, पात्याच्या मुठीकडच्या बाजूला पिवळा रंग तसाच.

तेव्हापासून झोप नाही, जेवण जात नाही. स्वतःला सांगत राहतो की मी कुठं तिचं नाव घेतलं, मी तर फक्त गप्प बसलो. आणि हे म्हणताना माझ्या तोंडून तुमचाच आवाज येतो बाबा. मी फक्त शिक्का मारतो.

त्या मुलीनं उद्या मला बोलावलंय. जुन्या वाटा मला ठाऊक आहेत, झाडं पुन्हा ओळखायला मदत होईल म्हणते. सारी समिती येणार आहे. म्हातारीलाही यायला सांगा, असा निरोप मी आज धाडलाय. विळा पिशवीतच ठेवलाय, धुतलेला नाही.

हा कागद घडी करून डब्याखाली ठेवतो, कुठं धाडायचा. चौथी शिकलेल्या माणसाला एवढं लिहायला दोन दिवस लागले. खरं म्हणजे हे तुमच्यासाठी लिहिलंच नाही. उद्या चारचौघांत बोलायचंय, ते आधी अशा माणसापुढं बोलून बघितलं, जो आता मला अडाण्या म्हणू शकत नाही.