खुर्चीवर बसलेला वर

रबराचा मळा, पेराक, मलाया, १९२८

चि. सौ. वळ्ळीस अण्णाचा आशीर्वाद.

वेलायुधन हा तुझ्या लेकीला, आपल्या अंजलैला, सर्वथा योग्य वर आहे, हे या पत्रात सिद्ध करावयाचे आहे. तो खोटे बोलत नाही; त्याचा पुरावा मी देतो.

मागे पाठवलेल्या फोटोसाठी मी त्याला खुर्चीवर बसवले. तो म्हणाला, “अण्णा, काठी टेकून उभाच राहतो. मी लंगडतो हे तिला आधी दिसू द्या.”

“गप्प बस. फोटोत कोणी चालून दाखवत नाही,” मी म्हणालो.

उभ्याने काढलेला दुसरा फोटो सोबत आहे. तो अंजलैच्याच हाती दे. बोटीत चढायचे की नाही, ते तिने ठरवावे. तुझी कंबर आता कशी आहे?

पहिल्या फोटोत काठी मी लपवली. चूक माझी.

सदाशिवम