राजूर घाटातलं कुत्रं

बुलढाणा,
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजू,

सप्रेम जयभीम.

अक्षर बघून हे पहिलीतल्या कुणा मुलाचं पत्र समजू नकोस. मीच आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितो आहे. ज्या हाताने तीस वर्षं संस्कृतच्या वह्यांवर 'अक्षर सुधारा' असा शेरा मारला, तो गळ्यात बांधून घेऊन दुसऱ्याची फजिती बघत बसला आहे.

प्रतीक्षा कशी आहे? नातीचं नाव ठरलं का? मला विचारू नका, मी जोडाक्षरांचंच सुचवीन. इकडे तुझ्या घरी सगळं ठीक. कढीपत्त्याला आता मी पाणी घालतो. जीवनराव घालत होते, पण कुंडीपेक्षा शेजारच्या फरशीला जास्त. फरशीला पालवी फुटेल म्हणून मी त्यांची थट्टाही केली होती.

(शाळेपासूनचा जीवन तुझ्याशी लग्न करून जीवनराव झाला, त्याला सत्तावीस वर्षं झाली. माझ्या जिभेला अजून वळण नाही. पुढे कुठे घसरलो तर सांभाळून घे.)

माझ्या पडण्याची हकिकत त्यांनी तुला फोनवर सांगितली आहे. घाटात कुत्रं आडवं आलं. आमच्या सायकलवाल्या मंडळींनी त्या कुत्र्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला आहे. हर्षल तांबडं म्हणतो, शिवम काळं. कालपासून शिवम सायकलच्या पिशवीत काठी ठेवतो.

येत्या रविवारी आमची वर्षाची शर्यत आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरायचा, खाली टपरीवाल्याच्या बाकड्याला हात लावायचा आणि परत चढून यायचं. सात जण, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने, एकेकटे. अकरा वर्षांत जीवनराव सात वेळा पहिले आले. मी अकराही वेळा शेवटचा. सातत्य कुणाचं जास्त ते तूच ठरव.

एवढं लिहून सकाळी पेन ठेवलं होतं. हात दुखतो हे कारण खरं, पण पुरतं नाही.

एरवी आम्ही घाट रांगेने उतरतो. पुढचा ओरडतो, 'खड्डा, डावीकडे', 'गिट्टी', 'ट्रक', आणि मागचे त्याच्या आवाजावर हँडल वळवतात. उन्हाळ्यापासून जीवनराव माझ्या मागे चालवू लागले. आयुष्यभर पुढे असणारा माणूस मागे राहतो म्हणजे माझा वेग वाढला, असं मी धरून चाललो. आरशात स्वतःच्या पोटऱ्या पाहिल्या, मंजू. कारण विचारलं तर म्हणाले, "तुह्या मांगं बरं वाटते बे. आवाज खणखणीत हाय तुहा." असं मला वर्गात कुणी कधी म्हटलं नाही. मी आणखी जोरात ओरडू लागलो.

मग तू दोन फोटो पाठवलेस, एक बाळाचा आणि एक तू वळलेल्या डिंकाच्या लाडवांचा. आम्ही शिवमच्या सायकल दुकानात होतो. जीवनरावांनी फोन नाकाशी धरला आणि तिथूनच तुला आवाजी निरोप पाठवला, "नाक माह्यावर गेलं पोरीचं." तू तो दहा वेळा ऐकला असशील. तेव्हा फोनवर त्यांच्यासमोर लाडवांचा फोटो होता, बाळाचा नव्हे. सगळे हसले. काय विनोद सुचतो याला, म्हणून मीही हसलो. मग ते हसले, थोडं उशिरा.

दुसऱ्या दिवशी रविवार. हर्षल आणि शिवम पुढे निघून गेले होते, मागे आम्ही दोघेच. तिसऱ्या वळणावर रस्ताभर बकऱ्या, तीसेक असतील. मला नेमका तेव्हाच ठसका लागला. ब्रेक दाबला, पण ओरडता आलं नाही. जीवन सरळ येऊन माझ्यावर आदळला. तो आधी उठून बसला, हेल्मेट नीट केलं आणि म्हणाला,

"काय आडवं आलं बे?"

बकऱ्या त्याच्या पुढ्यात होत्या. एक त्याच्या सायकलची मूठ चाटत होती.

"कुत्रं," मी म्हणालो. परीक्षा घेत होतो की झाकत होतो, मला अजून सांगता येत नाही.

"कुठी गेलं?"

"पळालं."

दवाखान्यात प्लास्टर वाळेपर्यंत बाकड्यावर त्याने सगळं सांगितलं. उजव्या डोळ्यात मधोमध काळा डाग आहे, डाव्यातून धुरकट दिसतं. शुगरमुळे. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑगस्टमध्येच बजावलं होतं, की डोळ्यात इंजेक्शनं सुरू करा, उशीर केलात तर आहे तेही जाईल. डॉक्टरांचा कागद घडी घालून त्याने सायकलच्या पिशवीत ठेवला आहे, पंक्चरच्या सामानाखाली.

"मंजूले फोनवर एक शब्द बोलला तं आपलं संपलं," म्हणाला. "पोरीचं बाळंतपण सोडून धावत येईन ते."

मी हो म्हणालो. तसंही फोनवर सोय नाही. तिकडे तू स्पीकर लावून ठेवतेस, इकडे हा शेजारी बसलेला असतो. पत्राबद्दल मात्र तो काही बोलला नाही. पत्र लिहिणारा माणूस अजून शिल्लक आहे हे त्याच्या ध्यानात आलं नसावं.

रविवारी तो उतरणार म्हणतो. पुढे ओरडायला कुणी नाही, मी असा हात बांधून वर उभा. समजावून पाहिलं. "घाट पाठ हाय मले. डोळे बांधून उतरीन." मी म्हटलं, घाट पाठ असेल, बकऱ्या पाठ नाहीत. तो हसला. जन्मभर मुलांकडून पाठांतर करून घेतलं, त्याची भीती मला पहिल्यांदा वाटली.

त्याच्या सायकलचं पुढचं चाक सध्या माझ्या पलंगाखाली आहे. आरे ढिले झालेत असं सांगून काढून आणलं. पण शनिवारी तो मागेल, आणि नाही दिलं तर शिवमच्या दुकानात चाकांना तोटा नाही. शिवमला सांगितलं तर शर्यत थांबेल, ते मी करू शकतो. अकोल्याला मात्र तो माझ्या सांगण्यावरून जाणार नाही. तुझ्या सांगण्यावरून जाईल, कुरकुर करत का होईना.

मी नऊ दिवस गप्प बसलो. त्याआधीचे सहा महिने त्याने माझ्या आवाजावर सायकल चालवली आणि मी ते माझं कौतुक समजलो. तुला राग आला तर तो माझ्यावर काढ, प्रतीक्षासमोर काढू नकोस.

हे पत्र स्पीड पोस्टने टाकतो आहे, शुक्रवारपर्यंत पोचावं. न पोचलं तर रविवारी, तो निघायच्या आधी, मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. दोस्ती गेली तरी चालेल. माझ्यावर चिडलेला जीवन मला समोर दिसला म्हणजे झालं, आणि त्यालाही मी दिसलो तर आणखी बरं.

शनिवारी संध्याकाळी सहाला फोन कर. तो माझ्याकडेच असेल, चाक मागायला आलेला. या खेपेला स्पीकर मी लावीन.

कुत्र्याचं मात्र शिवमला मीच सांगेन. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

तुझा,
आणि तो नको म्हणाला तरी त्याचाही,
धम्मरत्नदादा