बोअरचं पाणी

प्रिय नंदिनी,

सप्रेम जय भीम.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात बत्तीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं, रोज रजिस्टर लिहिलं, पण पोरीला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. येत्या रविवारी तू रामदासपेठेतल्या दुकानाची किल्ली मालकाला परत देणार, असं तुझ्या आईनं जेवताना सांगितलं.

दुकान उघडलं ती बुद्धपौर्णिमा आठवते. तू एकेक बरणी उघडून सगळ्यांना वास घ्यायला लावत होतीस. दार्जिलिंगचा पहिल्या तोडणीचा हिरवट चहा, आसामचा दाट, आणि तो पांढरा, नुसत्या लव असलेल्या कळ्यांचा. हा उकळायचा नाही, कमी गरम पाण्यात चारच मिनिटं भिजू द्यायचा, असं किती हौसेनं सांगत होतीस! आणि मी शहाणा! शेजारच्या रामाजीकाकांकडे बघत तुला म्हटलं, हे तं गरम पाणीच आहे वं, दूध-अद्रक काहून नाही टाकलं? सगळे हसले. तूही हसलीस, पण लगेच पाठ फिरवून बरण्यांची झाकणं लावू लागलीस. ते मी पाहिलं होतं.

राग होता मला. बँकेतली नोकरी मला न विचारता सोडलीस. तुझ्या आजोबांसाठी गावच्या हॉटेलात कपबशी वेगळी असायची, बाहेर खिळ्याला टांगलेली. चहा पिऊन ती स्वतः विसळून परत टांगायची. त्यांची नात लोकांच्या कपबशा विसळणार, हे मला सहन होईना. तू म्हणालीस, बाबा, माझ्या दुकानात सगळ्यांना सारख्याच कपात देते, तेच तं मले करायचं आहे. तेव्हा मला ते ऐकूच आलं नाही.

पुढे ऑगस्टमध्ये तू थर्मास घेऊन मनीषनगरला घरी आलीस. चहाच्या मळ्यात प्यायले तेव्हा असा नव्हता म्हणालीस. इथे रंग काळपट येतो, वर तवंग धरतो, वास मरतो, एकदा आलेलं गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. पान खराब निघालं समजून तू व्यापाऱ्याशी भांडलीस, दोन पेट्या परत पाठवल्यास. मी घोटभर चहा घेतला आणि म्हणालो, नागपूरच्या लोकांले असा चहा नाही लागत, बंद करून टाक. तू थर्मास उचललास आणि निघालीस. त्यानंतर आली नाहीस.

नंदू, आता खरं सांगतो. तुझ्या पानात काहीच खोट नव्हती. तुझ्या इमारतीच्या बोअरचं पाणी जड आहे, क्षारांनी भरलेलं. तू लावलेला फिल्टर गाळ धरतो, क्षार नाही. हे मला त्या पहिल्याच घोटाला कळलं होतं. जन्मभर तेच तर केलं मी! आणि कळूनही गप्प बसलो, कारण तू हरून परत यावीस असं मला वाटत होतं. बापानं असं वाटून घ्यावं! काल तुझ्या दुकानाबाहेरच्या नळाचं पाणी बाटलीत भरून आणलं आणि तपासलं, तेवढीच खात्री. मग आरओच्या, क्षार काढलेल्या पाण्यात थोडं घरच्या नळाचं मिसळलं, कारण नुसतं आरओचं पाणीही चव मारतं. तू दिलेली पांढऱ्या चहाची पुडी मी उघडलीच नव्हती. आज उघडली. त्या पाण्यात चहा केला, दुधाशिवाय प्यालो. मोहाच्या फुलांसारखा वास आला गं. हे पत्र आणि त्याच पाण्याचा कॅन तुझ्या दुकानाच्या दाराशी ठेवून जातो आहे. किल्ली देण्याआधी एक कप करून बघ. मला माफ केलं नाहीस तरी चालेल, पण तुझं चुकलं असं समजून कुलूप लावू नकोस.

तुझाच, उशिरा तोंड उघडलेला,
बाबा