आमचं चाकांचं घर आणि तुझं फाटक

कडिना,
ईस्टरच्या अलीकडे

आदरणीय आयव्हीताईस,

धाकट्या आल्विनचा नमस्कार. तुझं पत्र आलं तेव्हा सातूची कापणी चालू होती आणि मी उत्तराला बसलोय तो ईस्टर तोंडावर आल्यावर. रागावू नकोस. (रागावलीच असशील तर निम्मी तुझ्या भावजयीवर, नॉर्मावर रागव. माझा लिहिण्याचा चष्मा तिने ‘नीट’ ठेवला होता.) तुझा नवा खुबा कसा आहे? कुरकुरतो का? माझे दोन्ही जुनेच आहेत आणि दोन्ही कुरकुरतात, पण माझं कोण विचारतंय. यंदा तरी कॉवेलला माझ्याकडे येतोस ना, असं तू विचारलंयस, आणि खाली लिहिलंयस की ऐंशी पुरी झाली की वाट बघणं सोडून देणार. असं लिहीत जाऊ नकोस, ताई. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पेस्टी, म्हणजे खिम्याच्या भाजलेल्या करंज्या, केल्या होत्या, त्याही दोनच खाल्ल्या.

यायचं मनात नाही असं नाही. कॅराव्हॅन तर गेल्या ईस्टरच्या आधीपासून दारात उभी आहे. चुकलं एवढंच, की घर आधी घेतलं आणि ते ओढणारी गाडी मागाहून बघू म्हटलं. आमची जुनी मोटार नॉर्माची भाजीची पिशवी ओढतानाही धापा टाकते. त्यातून नॉर्माला घाई. लोक आपापल्या कॅराव्हॅनच्या पाठीवर नाव रंगवतात, तसं तिने पहिल्याच आठवड्यात मोठ्या निळ्या अक्षरांत ‘चाललो एकदाचे’ रंगवून घेतलं. तेव्हापासून ती निलगिरीखाली जागची हललेली नाही. आत कोंबड्या अंडी घालतात. शेजारचा क्लेम रोज सकाळी कुत्रा फिरवताना कुंपणावरून ओरडतो, “काय आल्विनराव, पोचलात का?” मी फक्त त्याच्या कुत्र्याशी बोलतो.

आता पिकअप बघितल्याच नाहीत असं नॉर्मा सांगेल, तर ते खरं नाही. बघून बघून डोळे दुखले. पहिली इतकी उंच होती की नॉर्माला आत चढवायला मला खालून रेटावं लागलं, आणि ती वरून म्हणते, “हळू रे, मेंढी नाही मी!” दुसरी बोलकी निघाली. रस्त्यावरच्या पांढऱ्या रेषेबाहेर जरा गेलं की टुंगटुंग वाजते, पाठीमागे काही आलं की वाजते, पट्टा लावला नाही की वाजते. मी म्हटलं, हे सगळं सांगायला माझ्या घरात माणूस आहे, त्यासाठी गाडी कशाला? (हे मी हळू म्हटलं होतं, तरी ऐकू गेलं.) तिसरी पांढरी होती. पांढऱ्यावर आपली लाल धूळ दिसते. चौथी लाल होती. लालवर धूळ दिसत नाही, मग धुवायची कधी हे माणसाला कळणार कसं?

शेवटी आम्ही ब्रोन्विनच्या आवारात गेलो. ही बाई गाड्या विकते. दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले, आणि आवाज असा की कुत्र्यावाचून मेंढरं वळवील. ती म्हणाली, “काका, ही साडेतीन टन ओढते.” मी खूश. मग तिने विचारलं, आत कोण कोण बसणार? मी म्हटलं मी, नॉर्मा, आमची कुत्री मेबल, हत्यारांची पेटी, पाण्याचे डबे आणि तुझ्यासाठी जर्दाळूचा मुरंबा. आत बसणाऱ्याचं वजन त्यातूनच वजा होतं म्हणे, म्हणून प्रत्येक नावागणिक बाईने ओढायचं वजन कमी करत आणलं. मुरंब्यापाशी मला घाम फुटला. मी म्हटलं, “म्हणजे माणसं घरी ठेवायची आणि घराला फिरवून आणायचं?” तर ती म्हणते, “काका, तुमची कॅराव्हॅन एवढी जड नाहीच. मुरंबा काय, मुरंबा करणारी सगळी गल्ली न्या. तुम्ही नुसतं टाळताय.” अनोळखी माणसाने असं तोंडावर बोलावं? आणि नॉर्माने मान हलवावी?

तेव्हा ताई, यंदा योग नाही. दोष माझाही नाही, नॉर्माचाही नाही, पिकअपचा आहे. पुढच्या ईस्टरला नक्की.

तुझा,
आल्विन

ता. क. : तुझ्या आवाराला मागूनही फाटक आहे का? सहज विचारतोय. म्हणजे पुढून शिरलं की सरळ मागून बाहेर. आणि भावोजींनी नांगराच्या फाळाची केलेली ती पत्रपेटी अजून पुढच्या फाटकाला चिकटूनच आहे का? बरं, तुझ्यापासून काय लपवायचं. पुढे मी कितीही जाईन, पण मागे घ्यायचं म्हटलं की माझे डोळे आपोआप मिटतात. चाक डावीकडे वळवलं की मागचं घर उजवीकडे जातं! जन्मभर मला डावं ते डावं सांगितलं आणि म्हातारपणी हे. वर कॅराव्हॅनच्या तळावर सगळी मंडळी घडीच्या खुर्च्या मांडून, बिअर घेऊन, नवा माणूस गाडी मागे कशी घेतो ते बघायला बसतात. काहीजण त्यासाठी जेवण लवकर उरकतात.

दुसरी ता. क., शनिवार : पत्र टाकायचं राहिलं कारण घात झाला. नॉर्माने माझ्या मागे क्लेमला सांगून कॅराव्हॅन त्याच्या गाडीने ब्रोन्विनच्या आवारात ओढून न्यायला लावली. (कोंबड्या आधी उतरवल्या, एक राहिली.) ब्रोन्विनने ती एका निळ्या पिकअपला जोडली आणि मला म्हणाली, फिरवून आणा. आणली की! क्लेमच्या दारावरून भोंगा वाजवत नेली. पण परत आल्यावर ती कुंपणाशी मागे लावायची होती, आणि शनिवार म्हणून तिथे फुकट सॉसेज भाजत होते, म्हणजे सगळं गाव हजर. “डावीकडे!” “अरे तुझी डावी नव्हे, गाडीची!” “अल्वी, डोळे उघड!” हा शेवटचा क्लेम. फाटकाशी पंख्याच्या वाऱ्यावर हात हलवणारा तो जाहिरातीचा लांबलचक फुग्याचा माणूस असतो ना, त्याच्या पायावर मी कॅराव्हॅन चढवली. त्याने एक सुस्कारा सोडला आणि ‘चाललो एकदाचे’वर मान टाकली.

नॉर्मा शांतपणे म्हणाली, “उतर, अल्वी.” आणि एका हातात पावातलं सॉसेज धरून, दुसऱ्या हाताने चाक फिरवत, एका दमात घर कुंपणाशी नेऊन लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतली कोंबडीही ओरडली. लग्नाआधी ही तिच्या वडिलांचे सातूचे ट्रेलर कोठाराच्या रांगेत मागे लावायची म्हणे. मी म्हटलं, इतक्या वर्षांत बोलली का नाहीस? म्हणाली, “तू विचारलंस कधी? मला वाटलं तुला कुठली गाडीच आवडत नाही. गाडी कुठे, तू मागे बघायलाच घाबरत होतास!” निळी पिकअप घेतली. (निळ्यावर धूळ दिसते. सांगितलं. ऐकलं नाही.)

तिसरी ता. क. : म्हणजे आम्ही येतोय. फाटकाचं विसर. मात्र एक काम कर. आम्ही तुझ्या वळणाआधी थांबून जागा बदलू आणि नॉर्मा घर मागे लावेल. तेवढा वेळ तू भाचरांना आणि शेजाऱ्यांना परसात चहाला बसव. भोंगा वाजला की सोड. तेव्हा मी चालकाच्या बाजूने उतरत असेन.

चौथी ता. क. : नॉर्मा आत्ता सांगते की तिने तुला दुपारीच फोन करून सगळं सांगितलं, फुग्याच्या माणसासकट, आणि तू एवढी हसलीस की खुबा धरून बसावं लागलं. आणि घडीच्या खुर्च्या किती लागतील, असं तूच तिला विचारलंस! ताई, खुर्च्या आत ठेव. चहाचं नक्की काय ते दोन ओळींत लगेच कळव, तोवर मला झोप लागायची नाही.